काळी, पांढरी आणि शाळेची भिंत

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं एक जुनं माळवदाचं घर जेसीबीने पाडत होते. सहा खणांचं घर, दोन पिढ्यांनी मिळून वाढवलेलं, दोन तासांत आडवं झालं. निवृत्त मास्तरला वेळेला काय तोटा! मी समोरच्या ओट्यावर बसून बघत राहिलो.

शेवटी एक भिंत मधोमध चिरल्यासारखी उरली होती. खाली दगडाचं जोतं. त्यावर पिवळसर, मुरमाड मातीच्या कच्च्या विटा, आणि त्यांच्यात गव्हाचं भुसकट अजून चकाकत होतं. वर माळवदाचा जाड थर, राखेसारखा करडा-पांढरा. एका घरात दोन-तीन रंगांच्या माती, आणि कशी माती कुठे घालायची हे ज्याने ठरवलं त्याला अक्षरओळख असेल की नाही कोण जाणे. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमचं गाव काळ्या जमिनीचं. शिवारात नजर जाईल तिथवर काळीभोर माती. आणि त्या अख्ख्या भिंतीत काळ्या मातीचं एक ढेकूळ नव्हतं.

हे लक्षात यायला सत्तरी उलटावी लागली असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. हे मला १९८८ सालीच कळलं होतं आणि चांगलंच कळलं होतं. ते आज सांगणार आहे. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या मराठी कागदपत्रांत हे शब्द याच अर्थाने येतात, आणि आमच्या लहानपणी म्हातारी माणसंही सहज बोलताना ते वापरत. वस्तीची माती पांढरी का? तर तिथे शेकडो वर्षं चुली पेटल्या, राख पडली, शेणाने सारवलं गेलं, चुना सांडला, घरं पडली आणि त्याच मातीवर पुन्हा उभी राहिली. या सगळ्याचं मिळून जे मऊसूत, करडं, राखट मिश्रण होतं ती पांढरी. पुरातत्त्ववाले लोक जुनी वस्ती शोधताना आधी अशी पांढरीची टेकाडंच बघतात.

आमच्या जालना जिल्ह्यात याचं नामी उदाहरण आहे. भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या लोकांची नोंद आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथली माणसं बाहेरगावी दानधर्म करण्याइतकी खाऊनपिऊन सुखी होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. श. गुप्ते हे त्यातले प्रमुख. सातवाहन काळातली वस्ती निघाली. हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला, तो थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या घाटणीचा. लोक या मूर्तीबद्दलच बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण ती मूर्ती इतकी शतकं ज्या मातीने पोटात जपली, ती वस्तीचीच माती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

असो. तर ही पांढरी माळवदावर घालत. तुळयांवर किलचन, किलचनावर पाला, त्यावर ओल्या मातीचा थर आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी. ही माती पावसात फुगत नाही, उन्हात भेगाळत नाही, आणि पाणी लवकर आत जाऊ देत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी नवा हात द्यायचा. भिंतीला मात्र पांढरी चालत नाही, ती फारच मऊ. भिंतीसाठी माळावरची मुरमाड माती, तिला चिकटपणा यावा म्हणून ओढ्याकाठचा थोडा पोयटा, भुसकट, आणि मग आठ-आठ दिवस भिजवून पायाने तुडवलेला चिखल. एवढं करून ती विटेच्या साच्यात जायची.

आणि काळी? काळीचं काम वेगळं. १९७२च्या दुष्काळात मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. तलावाच्या कामावर मस्टर लिहायला लागलो. तिथे बांधाच्या मधोमध काळ्या मातीचा गाभा घालत, धुमसून धुमसून, आणि दोन्ही अंगांनी मुरमाचं पांघरूण. जायकवाडीच्या बांधाचं काम तेव्हा तिकडे पैठणला चालूच होतं. मातीच्या मोठ्या धरणांचंही तत्त्व हेच. काळी माती पाणी अडवते कारण ती ओली झाली की फुगून स्वतःची छिद्रं बंद करते. मात्र तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरावं लागतं आणि ओलं ठेवावं लागतं. मोकळी सोडली, वाळू दिली, की ती तडकलीच. हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो, हजेऱ्या मांडत होतो. तरी पंधरा वर्षांनी जे करायचं तेच केलं.

इथे थोडं विज्ञान सांगतो. मी मराठी माध्यमातला बी. ए.; रसायनाचा गंध नाही. पण ठेच लागल्यावर माणूस वाचतो, तसं वाचलं. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात चिकण कणांचं प्रमाण फार, खोल काळ्या जमिनीत ते चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत जातं. शिवाय त्या कणांची जातही वेगळी. माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज. त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि पाणी त्या पानांच्या मधे शिरतं. म्हणून पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोकणातल्या किंवा बंगळूरकडच्या तांबड्या मातीतलं चिकण वेगळं, केओलिनाइट नावाचं. त्याच्या पानांत पाणी असं शिरत नाही.

आता सिमेंट काय करतं? वाळूच्या कणाला कण चिकटवतं. माती-सिमेंटच्या विटेत खरं ओझं वाळूच वाहते, सिमेंट तिच्या सांध्यांना धरून ठेवतं आणि थोडंसं चिकण वीट साच्यातून निघाल्यावर आकार टिकवायला उपयोगी पडतं. जाणकार सांगतात, वाळू साधारण दोन-तृतीयांश हवी आणि चिकण पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. अशा मातीला पाच ते दहा टक्के सिमेंट पुरतं. चिकण वाढलं की सगळंच बिघडतं, कारण ते कण इतके बारीक की त्यांना लेपायला पोतीच्या पोती सिमेंट लागेल. त्यातून काळी माती ढेकळांची. वरवर फोडली तरी हरभऱ्याएवढ्या गुठळ्या राहतातच. सिमेंट गुठळीच्या बाहेरून बसतं, आत कोरडी काळी माती तशीच. पाणी पोचलं की ती आतून फुगते आणि वीट पोटातून फुटते.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे, कोरडी असताना हीच वीट दगडासारखी असते! तो टणकपणा सिमेंटचा नसतोच, वाळलेल्या चिकणाचा असतो. म्हणून विटेची खरी ताकद ती भिजवून बघायची असते. १९८२च्या भारतीय मानकात माती-सिमेंटच्या विटांचे दोन वर्ग दिले होते, दर चौरस सेंटिमीटरला वीस किलो आणि तीस किलो भार सोसणारे, आणि ही ताकद ओल्या विटेची. टिकाऊपणा पाहायला तर वीट बारा वेळा भिजवायची, बारा वेळा सुकवायची आणि दर वेळी तारेच्या ब्रशने घासून किती झिजली ते तोलायचं, अशीही रीत आहे. एका वर्षाचे पावसाळे-उन्हाळे जणू महिन्याभरात दाखवायचे.

हे माती-सिमेंट प्रकरण मुळात रस्त्यांसाठी निघालं. १९३५ साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यात जॉन्सनव्हिल गावाजवळ असा रस्ता केला गेला आणि तिथून त्याची पद्धतशीर तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ते घरात आलं ते फाळणीच्या दुःखातून. पंजाबातल्या, म्हणजे आजच्या हरियाणातल्या, कर्नालला १९४८ साली निर्वासितांसाठी सुमारे चार हजार घरं माती-सिमेंटच्या ठोकून भरलेल्या भिंतींची बांधली. पुढे १९५०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात राऊल रामिरेझ नावाच्या अभियंत्याने हाताने दाबायचं छोटं यंत्र काढलं, सिन्व्हा-राम. लांब दांडा, लोखंडी साचा, दोन माणसं. दांडा खाली ओढला की माती दाबली जाते आणि गुळगुळीत वीट बाहेर येते. भट्टी नको, सरपण नको. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली खेड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं ‘अस्त्र’ नावाचं केंद्र निघालं. तिथे जगदीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राची देशी रूपं तयार केली आणि घरं बांधून दाखवली. उत्तम घरं आहेत ती. पण ती बंगळूरच्या तांबड्या, वाळूमिश्रित मातीची. यंत्र गाडीत घालून कुठेही नेता येतं, माती जिथली तिथेच राहते.

असंच एक यंत्र १९८७च्या हिवाळ्यात आमच्या शाळेत आलं.

मी तेव्हा जालन्यापासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या एका गावी दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, दोघांतला मोठा. वर्ग चार, खोली एक, बाकी मारुतीचा पार. एका योजनेतून दोन खोल्या मंजूर झाल्या. पत्रे, सिमेंट आणि यंत्र त्यांचं, माती आणि श्रम गावाचे. यंत्राबरोबर आलेला तरुण मुलगा मोठा उत्साही आणि भला होता. त्याच्याकडे इंग्रजी माहितीपत्रक होतं, त्यात प्रमाण दिलेलं: सिमेंट एवढं, माती एवढी. कुठली माती, ते आम्ही कोणीच वाचलं नाही.

गावात एक वयस्कर गवंडी होते. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही. निम्म्या गावाची माळवदं त्यांच्या हातची. शाळेमागच्या शेतातून आम्ही माती उचलायला लागलो तेव्हा ते येऊन उभे राहिले. एक ढेकूळ उचललं, थुंकी लावून बोटांत चोळलं.

“गुरुजी, ही कपाशीची माती हाये. भिताडात नाही टिकायची.”

“नाना, यात सिमेंट घालणार आहोत.”

“घाला की. पण माळावरचा मुरूम आना, चाळून घ्या, निम्म्याच्या वर घाला. मंग बघा.”

माळ दीड कोसावर. त्या दिवसांत कापूस वेचणीमुळे गाड्या मोकळ्या नव्हत्या, आणि मला खोल्या २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला उभ्या हव्या होत्या. पाहुणे बोलावून झाले होते. मी म्हटलं, “नाना, सिमेंटपुढे मातीचं काय चालतंय!” हे वाक्य माझं. ते मला शब्दन् शब्द आठवतं. नाना काही बोलले नाहीत. ढेकूळ खाली टाकून हात झटकले आणि गेले.

विटा इतक्या देखण्या झाल्या म्हणून सांगू! काळ्याशार, कडा धारदार. आम्ही त्यांच्यावर उभे राहून पाहिलं, एक तर ओट्यावरून खाली टाकली, फुटली नाही. काही विटांना वाळताना केसासारखे तडे गेले, ते आम्ही गिलाव्यात झाकले. झेंडावंदन थाटात झालं. तिसरीचा वर्ग मागच्या भिंतीला पाठ लावून बसू लागला.

१९८८चा पावसाळा दमदार होता. जुलैतच मागच्या भिंतीचे खालचे तीन थर सोलायला लागले, कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे. मी त्यावर सिमेंटचा पातळ हात फिरवून घेतला. ही दुसरी चूक. त्याने ओल आत कोंडली. ऑगस्टमध्ये एका रविवारी पहाटे ती भिंत बाहेरच्या बाजूला पडली. रविवार होता. एवढंच लिहितो. त्या भिंतीशी रोज एकोणीस मुलं बसत. हजेरीपट माझ्याच कपाटात होता, आणि त्या रात्री मी तो काढून उगाच एक-एक नाव वाचत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेलो. “मी सांगितलं होतं” असं ते म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “चहा घ्या गुरुजी,” आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

मग आम्ही जे केलं ते आधी करायचं होतं. घरातल्या हॉर्लिक्सच्या बरण्या शाळेत नेल्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि खळाखळा हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यावर सावकाश, चिकण सगळ्यात शेवटी. पोरांना भलतीच मजा आली. माळावरच्या मुरमाड मातीत निम्म्याहून जास्त बरणी लगेच बसली. काळ्या मातीत तळाशी जेमतेम बोटभर थर, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरली तरी वरचं पाणी गढूळच. एक लाकडी पेटीही केली, साठ सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार खोल. तिच्यात ओली माती भरून वाळू द्यायची आणि ती किती आकसते ते मोजायचं. आकस पंधरा मिलिमीटरच्या आत असेल तर अठरा भाग मातीला एक भाग सिमेंट पुरतं. पंचेचाळीसच्या पुढे गेला तर बारा भागांना एक लागतं. आमच्या काळ्या मातीचं मोजमाप घेताच आलं नाही. ती वाकडी होऊन पेटीत तीन तुकडे झाली. नानांनी तुकडे हातात घेतले आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

निम्म्याहून जास्त चाळलेला मुरूम, बाकी ओढ्याकाठची माती, काळी जवळजवळ नाही, असं मिश्रण ठरलं. ओल किती हवी तेही नानांनीच दाखवलं: मुठीत लाडू वळायचा आणि छातीच्या उंचीवरून टाकायचा. भुगा झाला तर पाणी कमी, थापून बसला तर जास्त, चार-पाच तुकडे झाले तर बेताचं. पुढे हीच परीक्षा मी छापील पुस्तकात वाचली तेव्हा मला नानांचा हात दिसला. विटा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली तीन आठवडे ठेवल्या. भिंतीचा जमिनीलगतचा दीड हात दगडात घेतला. काळ्या मातीचंच काही करायचं असेल तर सिमेंटपेक्षा चुना बरा, हे मला फार नंतर कळलं. चुन्याचा चिकणाशी सावकाश संयोग होतो आणि तिचा फुगण्याचा स्वभाव कमी होतो. पण त्याला धीर हवा. २६ जानेवारी गाठायची असेल तर चुना कामाचा नाही.

यानंतर पाच वर्षांनी किल्लारी झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. आमच्यापासून दोनेकशे किलोमीटर, तरी भांडी वाजली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. तेव्हापासून मराठवाड्यात माती म्हणजे मरण असं समीकरण झालं. भूकंपाने घरी कोणी गमावलेल्याला मी काय समजावणार? पण तिथल्या भिंती बहुतेक गोट्या-दगडांच्या होत्या, मातीच्या चिखलात रचलेल्या. आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. आणि वर माळवद. दर मृगाला दिलेला नवा हात साठत साठत दीड-दोन फुटांचा झालेला. ज्या पांढरीचं मी वर एवढं कौतुक केलं, तिचंच हे ओझं. नानांना हे मी बोलून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आठवड्याभरात स्वतःच्या घराचं माळवद खरवडून एक वितीवर आणलं. साठ-पासष्ट टोपली माती निघाली, ती शेतात टाकली. खत म्हणून पांढरी चांगलीच.

आता सगळं काँक्रीट. आमचं जालना शहर तर सळईच्या कारखान्यांसाठीच प्रसिद्ध, आणि परळीच्या राखेच्या विटाही मिळतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मे महिन्यात दुपारी स्लॅबखाली झोपून बघा. गल्लीतल्या त्या घराचं काय करणार, असं मी मालकाच्या मुलाला विचारलं. म्हणाला, “काका, स्लॅब टाकतोय. पण माती कुणाला पाहिजे असेल तर सांगा, फेकायला ट्रॅक्टरला पैसे पडायलेत.” पांढरी एकाने शेतासाठी नेली. मुरमाड मातीला गिऱ्हाईक नव्हतं.

परत येताना वाट वाकडी करून त्या शाळेत गेलो. शेजारी नवी दुमजली इमारत आहे, फरशा, पंखे, सगळं. आमच्या दोन खोल्यांपैकी काळ्या मातीची उरलेली खोली कधीच पाडली. मुरमाच्या विटांची खोली मात्र आहे. मागची भिंत हाताने चाचपून पाहिली. एका कोपऱ्यावर, पन्हाळीचं पाणी पडतं तिथे, बोटभर झिजली आहे, बाकी कडा अजून हाताला लागतात. बाईंना विचारलं, इथे आता वर्ग भरतो का? नाही म्हणाल्या. पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात त्या खोलीत, ओल येत नाही म्हणून.